खोट कुणाच्या घरातली

या आजाराबद्दल मी देवाला बहुतेक पहिल्याच वर्षी माफ केलं. बेबीआत्याला केलेलं नाही.

हे आधीच सांगून टाकते. आजारपणावर लिहिणारी माणसं शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळी होतात, असं मी बरंच वाचलंय. हॉस्पिटलच्या बाकावर बसून ते वाचताना मला जास्तच आजारी वाटायचं. तुम्हालाही स्नायूंचा असला आजार निघाला असेल आणि तुमच्या डोक्यातही एखाद्या माणसाचं नाव सारखं घोळत असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. राग आला म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही.

मी नीलम. लालबागला चाळीत आईबरोबर एका खोलीत राहते. मी दहावीत असताना बाबा हार्ट अटॅकने गेले. तेव्हापासून आई मसाल्याच्या गल्लीत मिरच्यांची देठं काढायला बसते. तिच्या बोटांची आग कधी जात नाही, म्हणून ती मला जेवण वाढताना चमच्याने वाढते, हाताने नाही. मी दादरला साड्यांच्या दुकानात होते. गिऱ्हाईक गादीवर बसतं, आपण समोर उभं राहून वरच्या फळीवरून गठ्ठा काढायचा आणि साडी एका झटक्यात पसरायची. मला तो झटका फार छान जमायचा.

एके दिवशी उजवा हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. दुखलं नाही. नुसता थांबला. मी डाव्या हाताने त्याला कोपरातून ढकललं, तेव्हा कुठे तो फळीला लागला. झोपताना अवघडला असेल म्हणून सोडून दिलं. मग ते रोजचंच झालं. माझ्या शेजारच्या गादीपाशी मंगल काम करायची. ती काही न विचारता माझे वरचे गठ्ठे काढून द्यायला लागली. शेठने एकदा तिला टोकलं, तर म्हणाली, "माझी उंची जास्त आहे, शेठ." उंचीने ती माझ्याहून कमी आहे.

हाताच्याही आधी चेहरा गेला होता, पण ते आम्हाला कळलंच नव्हतं. माझे ओठ रुंद होत नाहीत. मी हसते तेव्हा मला आतून हसल्यासारखं वाटतं, बाहेर काहीच दिसत नाही. शाळेत फुगा फुगवता यायचा नाही, नारळपाण्याची नळी ओठात धरली की बाजूने हवा जायची. गिऱ्हाईकं शेठकडे तक्रार करायची, "ती पोरगी काय खडूस आहे हो." मग उजवं पाऊल खाली पडायला लागलं. चालताना चप्पल फटाफट आपटायची. गॅलरीतल्या बायका म्हणायच्या, नीलम आली वाटतं.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या, मग कॅल्शियम, मग मानेचा पट्टा. त्यात काही वर्षं गेली.

*

आता आत्याबद्दल.

बेबीआत्या ही बाबांची मोठी बहीण. वरळीला बीडीडी चाळीत राहायची. बाबा गेल्यावर आमच्या घरातलं मोठं माणूस तीच. तिनेच माझ्यासाठी नायगावचं स्थळ आणलं. मुलगा चांगला होता, कमी बोलणारा. दोनदा आम्ही दादरला चहा प्यायलो. तो माझ्या चालीने चालायचा, मी मागे राहिले तर थांबायचा. साखरपुडा ठरला, साडी घेतली. शेठने स्वतः निवडून दिली.

मग मुलाच्या आईने आत्याला विचारलं, "मुलगी पाय ओढते का हो?"

आत्याला काहीही सांगता आलं असतं. माहीत नाही म्हणता आलं असतं. डॉक्टरला दाखवू म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं काही नाही बाई. ते तिच्या आईकडचं आहे. मामा लंगडा आहे ना तिचा."

माझ्या मामाला लहानपणी पोलिओ झाला होता. देवगडच्या बाजूला असतो, एका पायाने अधू आहे, सायकलचं दुकान चालवतो.

लग्न मोडलं. ते मी सहन केलं असतं. पण त्यानंतर बाबांच्या श्राद्धाला सगळी भावकी आमच्या खोलीत बसलेली असताना आत्या आईला म्हणाली, "तुझ्या माहेरची खोट माझ्या भावाच्या घरात आणलीस. तो सुटला, आता पोरगी भोगतेय."

आईच्या हातात वाढायचं भांडं होतं. तिने ते खाली ठेवलं नाही. ती पुढच्या पानावर गेली आणि भात वाढला. सगळे जेवले. एकाही माणसाच्या तोंडून शब्द निघाला नाही.

आणि आईने ते खरं मानलं. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. माणसं गेल्यावर ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "माझ्यामुळे झाला गो बाय तुका." चिडली किंवा रडली की आई मालवणीवर येते. त्या वर्षीपासून तिने मामाला भाऊबीजेला बोलावणं बंद केलं. आपल्या भावाचा पाय आपल्या मुलीच्या अंगात आलाय, असं तिला वाटायचं. तो फोन करायचा तेव्हा ती, कामात आहे असं सांग, म्हणून मला हातवारे करायची.

*

शेवटी मंगलच मला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली.

ज्यांनी ती ओपीडी पाहिली नाही त्यांना सांगते. केसपेपरच्या खिडकीपाशी धक्काबुक्की होते, पण एकदा बाकावर बसलात की तिथे एक घर तयार होतं. कुणी तुमची पिशवी सांभाळतं, कुणी सांगतं की मॅडम आज बऱ्या मूडमध्ये आहेत. साताऱ्याहून आलेल्या एका आजींनी मला भाकरी दिली होती. ती मी चावायला किती वेळ घेते हे बघून त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं पाणी पुढे केलं.

डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या असाव्यात. त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांचा घोळका. पडद्याआड मला पाठमोरं उभं केलं आणि हात पुढे करायला सांगितलं. मागून कुणाचा तरी श्वास अडकल्याचा आवाज आला. माझे खांद्याचे फरे पाठीतून सुटून वर आले होते. मी माझी पाठ कधी पाहिली नव्हती. एकट्या बाईला कोण दाखवणार? मॅडमनी मोबाइलवर फोटो काढून दाखवला. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की मी आळशी नाहीये. हे काहीतरी खरं आहे, याला आकार आहे.

मग त्या म्हणाल्या, "डोळे घट्ट मिटा. आणखी घट्ट. शिट्टी वाजवा. गाल फुगवा." मला यातलं काहीच जमलं नाही.

सुया टोचून स्नायूंची तपासणी झाली, रक्त बाहेरच्या शहरात गेलं, रिपोर्ट यायला कित्येक महिने लागले. ते महिने कसे काढावेत याचा उपाय माझ्याकडे नाही. इंटरनेटवर बघू नका, एवढंच सांगते. मी बघितलं आणि मग आमच्या चाळीचा जिना उतरताना प्रत्येक पायरीवर चाकाची खुर्ची दिसायला लागली. आमचा संडास गॅलरीच्या टोकाला आहे. तिथपर्यंत मी किती वर्षं चालत जाईन, याचा हिशोब मनात आपोआप सुरू व्हायचा.

रिपोर्ट आला त्या दिवशी आई बरोबर होती. मॅडमनी आम्हाला समजेल असं सांगितलं, आणि ते मला अजून जवळजवळ शब्दशः आठवतं.

"शरीराच्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात. पण सगळी चालू नसतात. स्नायूच्या पेशीत काही जनुकं कायमची बंद ठेवावी लागतात. जनुकांचा हा लांबलचक धागा प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. त्या प्रथिनांना बारीकबारीक रासायनिक खुणा चिकटलेल्या असतात. कुठला भाग उघडायचा आणि कुठला आवळून बंद ठेवायचा, ते त्या खुणांवर ठरतं. तुमच्यात एका जागी धाग्याचा तुकडा जन्मापासून आखूड आहे. त्यामुळे तिथल्या 'बंद' म्हणणाऱ्या खुणा टिकत नाहीत. गुंडाळी सैल पडते, आणि जे जनुक बाळ पोटात तयार होतानाच्या पहिल्या काही दिवसांतच लागतं, ते स्नायूंत मोठेपणी जागं होतं. त्याच्यापासून जे प्रथिन बनतं ते स्नायूला विषासारखं असतं."

"मग ते परत बंद करायचं औषध द्या ना," मी म्हणाले.

"तेच शोधतायत. जगभर शोधतायत. आज माझ्याकडे नाही." त्यांनी नजर चुकवली नाही. "जिवाला धोका नाही. हळूहळू वाढतो. प्रत्येकात वेगळा असतो, एकाच घरात एकाला खुर्ची लागते आणि दुसऱ्याला म्हातारपणापर्यंत पत्ता नसतो."

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे? मी मामाचं सांगितलं. मॅडमनी मान हलवली. "पोलिओचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. झोपेत डोळे अर्धे उघडे राहतात, असं कुणी आहे का घरात?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात आई बोलली. "हिच्या बाबांचे राहायचे." आणि जरा थांबून, "आणि वन्संचे. हिच्या आत्याचे. सगळे थट्टा करायचे, बेबी झोपेतही लक्ष ठेवते म्हणून."

आईचंही रक्त तपासलं. काही महिन्यांनी तिचा रिपोर्ट आला, त्यात काही निघालं नाही. मॅडम म्हणाल्या, वडिलांकडून आलंय असं दिसतं. आत्याला एकदा घेऊन या, त्यांच्या मुलालाही. त्यांना कळायला हवं.

आई बाहेर बाकावर बसली आणि कितीतरी वेळ आपले मिरचीने भाजलेले हात बघत राहिली. मी त्याच दिवशी आत्याला फोन लावला. खरं सांगते, त्या फोनमध्ये सूड नव्हता. मी घाबरलेले होते आणि मला घरचं मोठं माणूस हवं होतं. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्यात असलं काही नाही. आपल्या आईचं पाप झाकायला माझ्या भावावर ढकलू नकोस. परत फोन करायचा नाही."

सूड तिथून सुरू झाला.

*

फिजिओथेरपीला मी गुरुवारी जाते. तिथली ताई सांगते, जोर लावायचा नाही, दमायच्या आधी थांबायचं. या आजारात जिद्दीने व्यायाम केला तर उलटच होतं. म्हणजे मला जिद्दही करता येत नव्हती. मी रबरी पट्टा ओढायचे आणि मनात आत्याला बघायचे. आरतीचं ताट घेऊन ती उभी आहे आणि तिचा हात मध्येच थांबलाय. तिने चारचौघांत हसायचा प्रयत्न केलाय आणि कुणीतरी म्हणतंय, काय खडूस बाई आहे. असं काहीबाही. ताई म्हणायची, "आज चेहरा फ्रेश आहे तुमचा." माझ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, तरी तिला कसं कळायचं कोण जाणे.

पावलाला प्लास्टिकचा आधार मिळाला, तो चपलेऐवजी बुटात घालायचा. फटफट बंद झाली. डोळ्यांत झोपताना मलम घालायचं. दुकानातलं काम गेलं, पण मंगलने तिच्या ओळखीने मला फॉल-बीडिंगचं काम मिळवून दिलं. ते बसून होतं, हात मांडीवर ठेवून. एवढ्यावर आमचं नीट चाललं होतं.

मग आत्याच्या चाळीची पुनर्बांधणी झाली आणि तिला टॉवरमध्ये फ्लॅट मिळाला. तिच्या मुलाने, प्रशांतने, वास्तूच्या सत्यनारायणाला स्वतः येऊन बोलावलं. प्रशांत एसी बसवायची कामं करतो. स्वतःच्या आईच्या मनाविरुद्ध तो आमच्याकडे यायचा, माझी पिशवी जिन्यावरून वर आणून द्यायचा. त्याच्यावर माझा काहीच राग नव्हता. म्हणून आम्ही दोघी गेलो.

लिफ्टने वर गेलो. दार उघडंच होतं, बाहेर लॉबीत खुर्च्या मांडलेल्या, जुन्या चाळीतली सगळी माणसं आणि आमची भावकी. प्रशांत आणि त्याची बायको पूजेला बसले होते. प्रशांत सोवळं नेसून, उघड्या अंगाने, आमच्याकडे पाठ करून.

भटजींनी त्याला कलश उचलायला सांगितला. त्याने हात पुढे केले आणि त्याच्या पाठीतून दोन्ही फरे बाहेर आले.

मी आईकडे पाहिलं. तिनेही पाहिलं होतं.

बाजूला बसलेली एक बाई म्हणाली, "बिचाऱ्याचा खांदा गेलाय. एवढे एसी उचलून शीर फाटलीय आतली. येत्या आठवड्यात ऑपरेशन आहे, दुर्बिणीतून. मग महिनाभर हात गळ्यात."

मला एका क्षणात सगळं समजलं. जी शीर फाटलीच नाही, ती शिवायला ते त्याचा खांदा उघडणार. मग महिनाभर हात बांधून ठेवणार, आणि अशा स्नायूला बांधून ठेवलं की तो जातो तो परत येत नाही. हे त्या घरात माझ्याशिवाय आणि आईशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

कथा चालू होती. मी हात जोडून बसले होते आणि मला फार बरं वाटत होतं. हेही लिहिते, कारण मी खरं लिहायचं ठरवलंय. मला वाटत होतं, गप्प बसायचं. नुसतं गप्प बसायचं, जसे श्राद्धाला सगळे गप्प बसले तसं. प्रसाद खायचा आणि घरी जायचं. आत्याने स्वतःच सांगितलं होतं, परत फोन करायचा नाही.

पण प्रशांतने आरती झाल्यावर पहिलं पाणी मला आणून दिलं, कारण उभं राहून मी दमते हे त्याला ठाऊक होतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले. आत्या एकटीच शिऱ्याचं पातेलं हलवत होती.

"आत्या, डोळे घट्ट मिट बघू."

"काय?"

"मिट ना एकदा."

काय वाटलं कोण जाणे, तिने मिटले. पापण्यांची फट तशीच राहिली, आतलं पांढरं दिसत होतं. "माझं बोट दिसतंय तुला," मी म्हणाले. "आता शिट्टी वाजव." तिने ओठ पुढे केले. नुसती हवा आली.

"हा काय चावटपणा आहे?"

"प्रशांतची पाठ बघितलीस आज? माझीही तशीच आहे. दाखवू? त्याच्या खांद्याला काही झालेलं नाही. त्याला माझा आजार आहे, आणि तो त्याला तुझ्याकडून आलाय. ऑपरेशन केलंत तर हात जाईल."

आत्याने पातेल्याची कड धरली. गरम होती, तिने लगेच सोडली. "मग... मग काय करायचं? तुझ्या डॉक्टरचं नाव दे."

"देते. आधी बाहेर जा आणि आईला सांग."

"काय सांगू?"

"खोट कुणाच्या घरातली आहे ते. श्राद्धाला जे होते ते सगळे आहेत बाहेर."

"शुभकार्याच्या दिवशी तमाशा लावतेस? तुझ्या भावाच्या जिवावर सौदा करतेस?"

"हो."

आत्याने नकार दिला असता तर मी प्रशांतला सांगितलं असतं की नाही? मला माहीत नाही. सांगितलंच असतं, असं लिहिलं तर तुम्हाला मी आवडेन. पण त्या वेळी मी पर्स खांद्याला लावून दाराकडे वळले होते, आणि मी थांबणार नव्हते.

"थांब," आत्या म्हणाली.

आई लॉबीत भिंतीजवळच्या खुर्चीत बसली होती, हातात शिऱ्याचा द्रोण. आत्या तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि खाली वाकून, तिच्या कानाशी पुटपुटली, "हे आमच्याकडचं आहे. तुझ्याकडचं नाही. मी चुकीचं बोलले."

मला वाटलं आता आई तिचा हात धरेल, असू द्या म्हणेल. आयुष्यभर तिने तेच केलंय. आईने द्रोण मांडीवर ठेवला.

"परत सांगा, वन्सं," ती म्हणाली. "मोठ्यान सांगा. सगळ्यांका ऐकूक जांवदे."

लॉबीतलं बोलणं थांबलं. आत्याचा चेहरा आमच्यासारखाच, त्याच्यावर काही दिसत नाही. तिने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की नीलमचा आजार तिच्या स्वतःच्या माहेरचा आहे, नीलमच्या आईकडचा नाही, आणि तिने ते आईवर ढकललं होतं. प्रशांत दारात उभा राहून ऐकत होता.

आईने मान डोलावली आणि वाढणाऱ्या मुलीला म्हणाली, "मला आणखी जरा शिरा दे गं."

*

प्रशांतचं ऑपरेशन रद्द झालं. मॅडमनी त्याला तपासलं, त्याचाही रिपोर्ट तोच आला. एसीची कामं त्याने सोडली, आता तो दुरुस्तीच्या दुकानात बसतो. काही महिने तो माझ्याशी बोलला नाही, आणि ते मला समजतं. हल्ली गुरुवारी फिजिओला आम्ही एकाच टॅक्सीने जातो. तो मला एकदा म्हणाला, "तू आधी मला सांगायला हवं होतंस, नीलम. आईला नाही." मी म्हणाले, "हो." पण परत तो दिवस आला तर मी तसंच करीन, हे मी त्याला सांगितलं नाही.

मामा या भाऊबीजेला आला. जिना चढायला त्याला आणि मला सारखाच वेळ लागला.

आत्या तपासून घ्यायला येत नाही. मॅडम विचारतात, मी सांगते की निरोप दिलाय. आमच्या घरातल्या ज्यांच्याशी मी बोलत नाही, त्यांनाही मी निरोप दिलेत, आणि तुम्हीही द्या. या आजाराला कुणाचं कुणाशी पटतं हे माहीत नसतं. बाकी राग ठेवायचा की सोडायचा, ते तुमचं तुम्ही बघा. माझ्या हाताला रागाने फरक पडला नाही, तो आहे तिथेच थांबतो. पण आईची झोप सुधारली.

मिरच्यांच्या दुकानातल्या बायकांना ती हा किस्सा सांगते. गॅलरीत सांगते, देवगडला फोनवर सांगते. दर वेळी आत्याचा आवाज आधीपेक्षा थोडा मोठा होतो. परवा तर तो खाली रस्त्यावर ऐकू गेला होता. मी बाजूलाच साडीला फॉल लावत बसलेली असते. मी दुरुस्त करत नाही.